चार ग्रुपवर एकच मुखपृष्ठ

धाकटे,

आज सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात तुझ्या कादंबरीचं मुखपृष्ठ मला चार ग्रुपवर दिसलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा छाती फुगली. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा मी ते न उघडताच वर सरकवलं. चौथ्यांदा मात्र, राग मानू नको, त्या ग्रुपमधल्या लोकांची दया आली. भावकीच्या ग्रुपवर तर तू ते नेमकं कुणाच्या तरी दहाव्याच्या निरोपाखाली टाकलंस.

मी हसतेय ते तुला नाही ग, स्वतःलाच. माझा पहिला कथासंग्रह आला तेव्हा मी काय केलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका जुन्या सरांच्या निधनाची बातमी आली होती. लोक भराभर लिहीत होते. मी ग्रुप उघडला, वर काय चाललंय ते न बघता मुखपृष्ठ टाकलं, खाली किंमत दोनशे वीस रुपये, आणि पोळ्या लाटायला गेले. परत येऊन बघते तर माझ्या पुस्तकाखाली सात जणांची भावपूर्ण श्रद्धांजली. एकीनं विचारलं होतं, ‘कधी झालं?’

तर आता तुझं कालचं बोलणं. तू फोनवर म्हणालीस, ‘आक्का, मग करू काय? गप्प बसले तर कोणी विचारंना, आन बोलले की म्हणतेत लई मिरवायली.’ खरंय बाई. आपल्या घरात पोरींना तोंड फुटायच्या आधी शिकवतात की आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये. म्हणून पुस्तकाची किंमत सांगतानाही तुझा आवाज उसने पैसे मागितल्यासारखा होतो. तो तसा होऊ देऊ नको. पुस्तकाचं नाव हे, गोष्ट अशी अशी, किंमत इतकी, अमक्या दुकानात मिळतं, हे सांगण्यात कसलं आलंय मिरवणं? भाजीवालीसुद्धा ‘मेथी ताजी हाय’ म्हणून ओरडतेच की. मिरवणं सुरू होतं ते त्याच्या पुढच्या वाक्याला. ‘वाचून डोळे ओले होतील.’ ‘ग्रामीण स्त्रीचं असं चित्रण मराठीत पहिल्यांदाच.’ ही वाक्यं वाचणाऱ्याची आहेत. तीच तू आधी बोलून बसलीस, तर शेजारणीला पुस्तक देताना त्या बिचारीनं म्हणायचं काय?

माळेगावच्या यात्रेला आपण आबांबरोबर गेलो होतो, आठवतं का? घोडेवाला घोड्याचे गुण गात होता आणि गिऱ्हाईक त्याच्याकडं ढुंकून न बघता घोड्याचा ओठ वर करून दात बघत होतं. मग शेजारच्या राहुटीत जाऊन चौकशी, की मागच्या साली ह्याच्याकडून कोणी घेतला होता का, आणि तो घोडा कसा निघाला. घोडेवाल्याच्या गाण्याला काडीची किंमत नव्हती. पण घोडा त्यानं यात्रेत आणला होता, हे विसरू नको. घरी खुंट्याला बांधून ठेवला असता तर दात कोणी बघितले असते?

आणि तुझ्या लातुरात हे वेगळं सांगायला नकोच. नीटचे निकाल लागले की चौकाचौकात पोरापोरींचे फोटो, गुण, सरांचे हसरे चेहरे, वीस-वीस फुटी फलक. पण मुखेडची नाहीतर कंधारची बाई पोरीला लातूरला ठेवते ती फलक बघून का? ज्या घरचं लेकरू तिथं दोन वर्षं राहून आलंय, त्या घरी ती फोन लावते. सर शिकवतात कसे, मेसची पोळी कशी, पोरगी रडली होती का, सगळं विचारते. क्लास आहे एवढं फलकानं कळतं. विश्वास त्या फोनवर बसतो.

आता माझ्या पुस्तकाचं काय झालं ते सांगते. ह्यातला निम्मा भाग माझ्या मूर्खपणाचा आहे.

प्रकाशन समारंभ मी नांदेडलाच केला. हॉलचं भाडं, शाली, नारळ, पाहुण्यांच्या गाडीचं पेट्रोल, चिवडा-पेढा. पाहुण्यांनी पुस्तकाचं नाव दोनदा चुकवलं आणि अर्धा तास स्वतःच्या आगामी आत्मचरित्रावर बोलले. विकल्या गेल्या चौदा प्रती, त्यातल्या नऊ तुझ्या भाऊजींच्या ऑफिसातल्या लोकांनी घेतल्या. त्यांनी त्या वाचल्या असतील असं मला वाटत नाही. साहेबाच्या बायकोचं पुस्तक आहे म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? बाकीचा गठ्ठा दिवाणाखाली.

मग एप्रिल २०२२मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, पंचाण्णवावं, भारत सासणे अध्यक्ष. आपल्या भागात संमेलन म्हटल्यावर मी पिशवीत दहा प्रती घेऊन गेले. काय ऊन होतं, आणि काय गर्दी! मी नावाजलेल्या लोकांना गाठून, वाकून, ‘सप्रेम भेट’ लिहून एकेक प्रत देत सुटले. एका फार मोठ्या लेखकांनी ती हातात घेतली, ‘वा वा’ म्हणाले आणि परिसंवाद संपल्यावर खुर्चीवर तशीच ठेवून निघून गेले. वर पाण्याची रिकामी बाटली. मी ती प्रत उचलली तेव्हा कोणी बघत तर नाही ना, हे आधी बघितलं. शेजारच्या खुर्चीवर लोह्याकडच्या एका खेड्यातले ग्रंथपाल बसले होते. म्हणाले, ‘ताई, टाकूनच द्यायलात तर आमच्या वाचनालयाला द्या की.’ दिली. त्या मोठ्या माणसाचं नाव आत तसंच होतं, खोडायचंही सुचलं नाही.

दोन वर्षांनी त्याच खेड्यातून एका अंगणवाडीताईचा फोन. ‘ती बसस्टँडवरच्या म्हातारीची गोष्ट लिवणाऱ्या तुमीच का?’ मी एका रविवारी एसटीनं गेले. ग्रंथपालांनी प्रत काढून माझ्या हातात ठेवली आणि मला ती ओळखूच येईना. मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, पाठीला खाकी कागद चिकटवलेला. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे दोन रकाने भरून तिसरा सुरू झालेला. सत्तेचाळीसाव्या पानावर हळदीचं बोट. त्याच गोष्टीच्या शेवटी, जिथं म्हातारी बसमध्ये चढत नाही, तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘का गेली न्हाई?’ आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘कोनाकडं जाईल?’

धाकटे, माझ्यावर आजवर तीन परीक्षणं छापून आलीत. ह्या दोन ओळींपुढं तिन्ही फिकी आहेत.

गंमत पुढं आहे. गावात सगळ्यांचा समज असा, की त्या मोठ्या लेखकांनी ते पुस्तक वाचनालयाला मुद्दाम भेट दिलं. आत नाव आहे ना! म्हणून सुरुवातीच्या दोघाचौघांनी ते नेलं. बाटलीखाली ठेवलेल्या पुस्तकाची त्यांच्याकडून एवढी सेवा घडली. पण दोघाचौघांच्या पुढं ते गेलं ते त्या म्हातारीमुळं. जी ती म्हणायची, ‘ती बसस्टँडवरची गोष्ट वाचली का? म्हातारी रोज येती आन गाडीत चढतच न्हाई.’ एवढं ऐकलं की दुसरीला राहवत नसे.

आणि मी त्या पुस्तकाची जाहिरात काय करत होते ठाऊक आहे? ‘स्त्रीमनाच्या तरल भावविश्वाचा वेध घेणाऱ्या कथा.’ आता सांग, हे वाक्य कुठली बाई पिठाच्या गिरणीवर उभी राहून दुसरीला सांगेल? तुझ्या फलकावर तर मी ‘मानवी नात्यांचा हृद्य गोफ’ वाचलं. काढ ते, बाई. तुझी गोष्ट एका दमात सांग. सोयाबीन विकून आलेले पैसे कपाटातून जातात आणि चोर घरातलाच असतो, हे सगळ्यांना माहीत असूनही तोंड कोणी उघडत नाही, बरोबर? मग तेवढंच सांग आणि थांब. ज्या पुस्तकाची गोष्ट एका दमात सांगता येते ते एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जातं.

रा. रं. बोराडे तुझ्याच जिल्ह्यातले, काटगावचे. त्यांची ‘पाचोळा’ १९७१ची. आपल्या थोरल्या मावशीला वाचता येत नव्हतं. मी नववीत असताना दुपारच्या वेळी तिला ती वाचून दाखवायचे. शिंप्याचं घर आणि सांगणारी त्याची बायको, तीही आपल्याच बोलीत. मावशी मधेच म्हणायची, ‘थांब, हे पुन्यांदा वाच.’ आणि संध्याकाळी मी शेजारी बघते तर ती चौघींना तीच कादंबरी सांगतेय, माझ्यापेक्षा चांगली! ‘शिंप्याचं घर हाय. बापाचं आन लेकाचं पटंना, आन माय मधी भरडली जायली.’ एक अक्षर न वाचणाऱ्या बाईनं ‘पाचोळा’ निदान दहा घरांत पोचवली असेल.

आणि नवल बघ, पन्नास वर्षांनी पुन्हा शिंपीच. तुळजापूरचे देवीदास सौदागर स्वतः शिवणकाम करणारे. रेडिमेड कपड्यांनी शिंप्याच्या हातचं काम कसं गेलं, ते त्यांच्या ‘उसवण’मध्ये आहे. देशमुख आणि कंपनीनं २०२२मध्ये काढली, २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. बातमी आली तशी आमच्या स्टाफरूममध्येही चर्चा. पण मला एक खटकलं ते सांगते. ‘शिंपी असून कादंबरी लिहिली’ हे सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि कादंबरीत काय आहे म्हटलं की निम्म्या जणी गप्प. लेखकाची गोष्ट पुस्तकाच्या गोष्टीच्या पुढं पळाली होती. ह्यात त्यांचा काय दोष? ती सवय आपली. पण तू सावध राहा. तुला कोणी विचारलंच, की दोन लेकरं, नोकरी, सासू आजारी, त्यात लिहिता कधी हो, तर दोन वाक्यांत उत्तर दे आणि बोलणं कादंबरीवर आण. नाहीतर लोक तुझ्या सोसण्याचं कौतुक करतील आणि पुस्तक तसंच राहील.

आता तू म्हणशील, पहिला वाचक तरी आणू कुठून? तर व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार आठव. हे तिघं गावोगाव कथाकथन करत हिंडले, अगदी तालुक्याच्या शाळेच्या पटांगणातसुद्धा. योगायोग असेल, पण तिघांनाही संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते आपल्या मराठवाड्यात. माडगूळकरांना १९८३ला अंबाजोगाईत, शंकर पाटलांना १९८५ला आपल्या नांदेडात, मिरासदारांना १९९८ला परळीत. लोकांनी त्यांना आधी कानांनी ऐकलं आणि मग पुस्तक शोधलं. इंग्लंडात डिकन्सनं तेच केलं होतं, तिकिटं लावून. ‘माझं पुस्तक घ्या’ असं म्हणायची त्यांना गरजच पडत नसे, कारण गोष्ट आधीच सांगून झालेली असायची. तूही तेच कर. बचत गटाची बैठक असो, कॉलेजातलं मराठी मंडळ असो, भिशी असो, बारा मिनिटं वाच. बाराच, घड्याळ लावून. कपाट उघडल्यावर ते रिकामं दिसतं तिथपर्यंत ये आणि पुस्तक मीट. प्रती पिशवीत असू देत. कोणी विचारलं की काढायच्या, पैसे घेऊन द्यायच्या.

पैसे घ्यायचेच, हे नीट ऐक. फुकट आलेलं पुस्तक दिवाळीच्या डब्यासारखं असतं, पुढच्या घरी कधी ढकलू असं होतं. फुकट द्यायचंच असेल तर ग्रंथपालांना दे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे आणि ‘ड’ वर्गाचं का होईना, पण वाचनालय आपल्याकडं बऱ्याच गावांत उभं आहे. अनुदान तुटपुंजं, पगार त्याहून. पण कुठल्या घरातली सून काय वाचते, हे त्या खुर्चीवरच्या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची, चित्रपट आला २०१३ला, आणि ते स्वतः २००३मध्येच गेलेले. समीक्षकांनी फारसं विचारलं नाही. मधली तीस वर्षं ती कादंबरी जगवली कॉलेजच्या पोरांनी आणि वाचनालयांच्या पानं सुटलेल्या प्रतींनी.

लोकांचं बोलणं प्रतींसाठी थांबत नाही, हेही मी ठेच लागून शिकले. त्या खेड्यातली गोष्ट पसरत कंधारला पोचली, तिथल्या एका शिक्षिकेनं दहा प्रती मागितल्या, आणि माझ्याकडं एकही नव्हती. दिवाणाखालचा गठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. प्रकाशकांनी पुन्हा छापायला सात महिने लावले. तोवर कंधारला दुसरंच काही वाचायला लागले होते. म्हणून तीस प्रती कायम घरात, पत्र्याच्या पेटीत. गंजगोलाईजवळच्या एका दुकानात पाच, इकडं वजिराबादेत पाच, आणि महिन्याला स्वतः जाऊन विचारायचं, लाजायचं नाही. पोस्टानं मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ म्हणून पुस्तकांसाठी स्वस्त सोय काढलीय. तुझी कादंबरी त्यात बसते का, ते खिडकीवर विचारून घे.

फेसबुकवर टाकूच नको असं मी म्हणत नाही. बीडचे शरद तांदळे स्वतःच बोलतात, स्वतःच छापतात, आणि त्यांचं ‘रावण’ घराघरात गेलं. पण त्यांचं ऐकणारी तरुण पोरं त्यांच्यापाशी होती. तुझ्या यादीत आहेत नणंदा, जावा आणि विमा एजंट. देवा झिंजाडांच्या ‘एक भाकर तीन चुली’बद्दल बघ, वाचणाऱ्या बायाच फोटो टाकून लिहीत होत्या. ते वाचून मी पुस्तक मागवलं, लेखकाचं वाचून नाही. तुझं असं कोणी लिहिलं तर दोन ओळींत आभार मान आणि बाजूला हो. दर प्रतिक्रियेखाली येऊन परिच्छेद लिहीत बसलीस तर लोक मोकळेपणानं बोलायचे थांबतील. घरातला आजेसासरा जेवताना समोर बसला की सुना कशा गप्प होतात, तसं.

आणि हो, एक फार वाईट काम तू केलंयस. जाहिरातीच्या पानाखाली पाच-पाच तारे देणारे चौघं, चौघंही एकाच रात्री, चौघांच्याही वाक्यात ‘निःशब्द’. त्यातला एक आपला पम्या आहे, त्यानं दहावीचं मराठीचं पुस्तकसुद्धा उघडलं नव्हतं. काढायला सांग त्याला.

तुला हे सगळंच नको वाटत असेल, कुठं जायचं नाही, कोणापुढं वाचायचं नाही, तर तसंही करणारे आहेत. इटलीत एलेना फेरान्ते नावानं लिहिणारी एक लेखिका आहे. पहिली कादंबरी १९९२ला यायच्या आधीच तिनं प्रकाशकांना कळवून टाकलं, की प्रचारासाठी मी कुठंही येणार नाही. आजही ती तोंड दाखवत नाही, खरं नावही सांगत नाही, आणि जग तिला वाचतंय. पण तिच्यामागं तिचे प्रकाशक खंबीर उभे होते, आणि गावोगाव पुस्तकांची दुकानं होती. आपल्याकडं अहमदपूरच्या स्टँडवर कादंबरी मागून बघ, स्पर्धा परीक्षेचं गाईड हातात देतील. तेव्हा थोडं तरी तुला उठावंच लागेल. मात्र उठायचं ते गोष्ट घेऊन.

घाईही करू नको. ‘कोसला’ १९६३ला आली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. त्यांना ज्ञानपीठ मिळालं तोवर होस्टेलवर ती एकमेकांना देणारी पहिली पोरं निवृत्तसुद्धा झाली होती. तुझ्या कादंबरीला अजून सव्वा महिना झालाय.

मी रविवारी येतेय. सकाळी लोहा-अहमदपूर मार्गे निघाले तर दुपारच्या जेवणाला लातुरात. पाच प्रती बाजूला काढून ठेव. दोन माझ्या शाळेतल्या भांडकुदळ बायांना देणार आहे, त्यांना न आवडलेलं पुस्तकसुद्धा त्या आठवडाभर चघळतात. एक अंगणवाडीताईंना, एक त्या ग्रंथपालांना. पाचवी माझी. पाचांचे पैसे देणार, सवलत नको, आणि माझ्या प्रतीवर ‘सप्रेम भेट’ अजिबात लिहू नको. त्या मोठ्या लेखकाचं नाव लिहिलंस तर चालेल.

शेंगदाण्याची चटणी आणतेय. भाकरी तू कर.

तुझी,
आक्का